नामाचं चांदीचं घड्याळ

२ मार्च १९५८
साप्ताहिकाचा लेख दिला. विषय: चावी न लागणारी नवी मनगटी घड्याळं. सीताबर्डीच्या दुकानात जो तो तीच मागून राहिला. मनगट हललं की झालं. लिहिलं, रोज हातात घेतल्याशिवाय जे चालत नाही तेच आपलं. संपादक म्हणाले, जुनाट विचार. असतील बापा.
जुन्या घड्याळांनी कपाटात जागा उरली नाही, तरी संग्रह अपुराच. माझ्या बालमित्राचं, नामाचं, झाकणाचं चांदीचं घड्याळ त्यात नाही. मिसरूड फुटल्यापासून मागतो आहे, इतवारीत त्याच्या हातमागाशेजारी बसून. उत्तर ठरलेलं. "मी मेलो का ने गा. तोवर नजर नको लावू."

१९ मार्च
नामा अंथरुणाला खिळला. छातीचं दुखणं. डॉक्टर जास्त बोलले नाहीत. मला पाहून म्हणे, "काहून आला? घड्याळ पाहाले?" हसलो. घरी जेवण गेलं नाही.

२४ मार्च
नामाची बायको, सरूवहिनी, घरी आल्या. पदराखालून घड्याळ काढलं. "भाऊजी, हे तुमाले द्याले सांगतलं त्यायनं. चावी फिरवाले बोटात जोर नाही म्हणतेत."
जन्मभर जीव टाकला ते टेबलावर पडलं आहे. हात लावावासा वाटत नाही. मेलो का ने, हाच तर करार होता. मग हे घेणं म्हणजे...
नाही घेत.

२५ मार्च
घड्याळ बंद. नुसती चावी संपलेली, पोरासोराला कळेल. तसंच खिशात टाकून गेलो.
"नामा, माह्याकडं चालत नाही हे."
"चावी देल्ली का?"
"देल्ली." साफ खोटं.
"घड्याळांवर लिहितो अन् चावी देता येत नाही. आण इकडं."
एकेक वेढा सावकाश दिला. मधे दम खाल्ला. पण चावी पुरी भरली. आधी स्वतःच्या कानाला लावलं, मग माझ्या. किती दिवसांनी चेहऱ्यावर रंग दिसला.
"ने आता."
"उद्या पुन्हा बंद पडलं तं?"
घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. सगळं कळलं त्याला.
"तं आणजो मंग."

२६ मार्च
संध्याकाळ झाली, अजून चालूच आहे. बेटं दणकट. तसंच घेऊन निघतो. नामानं विचारलं तर सांगीन, बंद पडायच्या बेतात आहे.