धोंडीचा बेडूक

१६ ऑगस्ट २०२३, माकणी
परंड्याहून एसटीने सुखरूप पोहोचलो. धरणाच्या पाण्याकाठी शेतात दोन खोल्या आहेत. एक शिवांजलीबाईंची, दुसरी माझी. बाई सह्याद्रीतील घनदाट पावसाळी जंगलांत बेडूक व सरडे अभ्यासून आल्या असून, आमच्या कोरड्या मुलखात हे जीव कसे तगतात ते आता पाहणार आहेत. माझी नेमणूक राखणदार म्हणून झाली आहे. तोंड जमिनीसरसे राहील अशा बादल्या पुरल्या आहेत. प्राणी त्यांत पडतो. सकाळी त्याच्या पोटाचे छायाचित्र घेऊन त्याला तेथेच सोडावयाचे. प्रत्येक बेडकाच्या पोटावरील नक्षी निराळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. बादलीत ओला स्पंज मात्र हवाच, अन्यथा बेडूक सुकून मरतो, असे बाईंनी बजावले. वारा उत्तम आहे. स्वयंपाकास येणाऱ्या हरणाबाई तोंडाळ आहेत, परंतु भाकरी चांगली करतात.

२० ऑगस्ट
बाई कामानिमित्त धाराशिवला गेल्या आहेत. पावसाने दडी मारल्यामुळे गावाने आज धोंडी काढली. तीत फिरविण्यास बेडूक कोठेच मिळेना, म्हणून मंडळी माझ्याकडे आली. “आबा, तुमच्याच हातानं द्या,” असे हरणाबाई म्हणाल्या. एवढा मान दिल्यावर मला नकार देता आला नाही. बादलीतील मोठा बेडूक दिला. त्याच्या पोटावर वाकड्या फांदीसारखा काळा डाग होता. निंबाच्या डहाळ्यांत, मुसळाला बांधून त्यास दारोदार फिरविले आणि बायांनी त्यावर घागरी ओतल्या. परत देताना हरणाबाईंनी सांगितले की, त्याला त्याच्या पाण्यातच सोडावे. परंतु त्याचे छायाचित्र अजून घ्यावयाचे होते; बाईंच्या नोंदीत तूट येऊ नये म्हणून मी त्यास पुन्हा बादलीत ठेवले.

२१ ऑगस्ट
स्पंज भिजविण्याचे राहून गेले. बेडूक चामड्यासारखा वाळून मेला. त्यास बांधाखाली पुरले. हरणाबाईंनी विचारले तेव्हा, सोडला, असे उत्तर दिले. या वयात चुका कबूल करणे मला शोभत नाही.

२३ ऑगस्ट
जाग आली तेव्हा धोतर, अंथरूण, सारे चिंब. आभाळ कोरडे, दारास आतून कडी. छातीवर निंबाची पाने चिकटलेली. हरणाबाई हसल्या. “म्हातारपणी अंथरूण भिजवलं व्हय, आबा?” मी त्यांच्याशी बोलणे सोडले आहे.

२४ ऑगस्ट
दुपारी खुर्चीत बसलो असता, भर उन्हात, अंगावर घागर रिकामी झाल्यासारखे पाणी आले. जवळ कोणीही नव्हते. कमरेभोवती दोरीचे वळ उठले आहेत. ते पाहून हरणाबाईंचे हसू थांबले. “खरं सांगा, आबा. पाण्यात सोडला न्हवं?” मी होय म्हणालो. पुन्हा. त्या म्हणाल्या की, खोटे असेल तर जिथे जिथे पाणी ओतले त्या दारांत जाऊन खरे सांगावे लागते. मी दारोदार हिंडू?

२५ ऑगस्ट
सर्व बादल्या बेडकांनी भरल्या आहेत. एकही ओरडत नाही. धाराशिवहून परतलेल्या बाईंनी पोटे पाहिली. सर्वांच्या पोटावर तोच डाग. वाकडी फांदी. सामान गाडीत टाकून, मलाही चला म्हणाल्या. मी नाही म्हणालो. राखणदाराने जागा सोडू नये—
त्या गेल्या.

२६ ऑगस्ट, सकाळ
तहान. रांजण संपविला, तरी तहान. कातडी ताणते आहे. कबूल करतो. आज प्रत्येक दारात जाऊन सांगतो. मान गेला तरी चालेल, जीव—

दुपार
गेलो होतो. पहिल्याच दारात तोंड उघडले. शब्द आला नाही. गळा फुगला आणि जो आवाज निघाला, तो—
दारातली घरधनीण आत गेली. घागर घेऊन आली.
पळालो. कडी लावली आहे. बोटे एकमेकांस चिकटतात, पेन धरवत नाही—

मंडळी दारात आली आहेत. निंबाचा वास. हरणाबाई ओरडत आहेत, “आबा, अजून एक बेडूक द्या, मोठा बघून!”
मी आत आहे. मी येथे—
बाहेरून कोणीतरी त्यांना उत्तर देत आहे. स्वच्छ, शुद्ध बोलतो. हा मोठा घ्या, म्हणतो. परत आणल्यावर सकाळपर्यंत बादलीत ठेवीन, म्हणतो. तो आवाज माझा—
हरणाबाई, स्पंज. त्याला म्हणा, स्पंज ओला—