गैरहजर गड्याची सवलत

॥ श्री बिंदुमाधव प्रसन्न ॥

मी, विश्वेश गजानन आठल्ये, वय अडुसष्ट, राहणार मंगला गौरी, वाराणसी, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला नकाशेकार, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, आणि डॉक्टर पुढच्या पावसाळ्याचा विषय काढला की दुसरेच काही बोलू लागतात. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. असे लिहू नका म्हणणारेच जास्त आहेत.

१. वारस. पत्नी प्रभावती वारली. मला दोन अपत्ये आहेत : मुलगी सौ. निवेदिता, राहणार जबलपूर, आणि मुलगा चि. वेणीमाधव. ‘आहेत’ या शब्दाखाली वकीलसाहेबांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. ती मी खोडली आहे.

वेणीमाधव सन १९८८ च्या आश्विनात रामलीला पाहायला नावेने रामनगरला गेला, तो परत आला नाही. वय तेव्हा वीस. नाव बुडाली नव्हती. नावाडी पोलिसांसमोर सांगत होता, “बाबूजी, लड़का उस पार उतर गया था, हम अपनी आँख से देखे हैं.” त्या दिवशी घरात भांडण झाले नव्हते. हे मुद्दाम लिहितो, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. वर्दी दिली, स्टेशनांवर फोटो लावले, प्रयाग आणि अयोध्येचे मठ पालथे घातले. प्रभावती त्या दिवसापासून दाराला आतून कडी लावीत नसे. ती गेली. मीही लावीत नाही.

वकीलसाहेब सांगतात, सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो कायद्याने मयत धरता येतो, म्हणजे वाटणीचा घोळ मिटतो. माझा चुलतभाऊ देवदत्त पौरोहित्य करतो. तो म्हणतो, बारा वर्षे झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, पालाशविधी करायचा, म्हणजे मुलगाही सुटतो आणि बापही. निवेदिता फोनवर म्हणाली, “बाबा, आता मान लीजिए ना. निदान त्याचं श्राद्ध तरी होईल.” तिच्यावर माझा राग नाही. तिला शांतपणे झोप लागावी असे मलाही वाटते. पण माझ्या सहीने माझा मुलगा मरणार नाही.

२. घर. वरच्या मजल्यावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या व गच्ची. अर्धा हिस्सा निवेदिताचा, अर्धा वेणीमाधवचा. त्याचा हिस्सा तो येईपर्यंत निवेदिताने वापरावा, भाड्याने द्यावा, पण विकू नये. भाडेकरू कडी लावतील, त्याला इलाज नाही.

३. बँकेत आहे ते सर्व निवेदिताचे. आईच्या आजारपणात तिने जे केले त्याची ही भरपाई नव्हे. माझी नकाशाची पेटी, कंपास आणि शाईच्या लेखण्यांसह, नात ईशानी हिला. ती रेघ सरळ ओढते.

४. देवदत्त यास आमच्या वडिलांचे तांब्याचे पळी-पंचपात्र, ज्याच्यावर त्याचा लहानपणापासून डोळा आहे. अट एकच : त्याने वेणीमाधवचा पालाशविधी करू नये, कोणाकडून करवूही नये. केल्यास ते भांडे निवेदिताकडे परत जाईल. माझ्या खेळाला तो आयुष्यभर म्लेंच्छांचा विटीदांडू म्हणत आला, ते मी माफ केले आहे.

५. आता त्या खेळाबद्दल, कारण पुढची कलमे त्यावर उभी आहेत.

कारखान्याच्या वसाहतीत गोल्फचे नऊ भोकांचे मैदान आहे. आमच्या गल्लीत हिरवे म्हणून मी फक्त देवाच्या दुर्वा पाहिल्या होत्या. मी तिथे गेलो आणि कायमचा बिघडलो. नाताळच्या सुटीत नकाशाघर विरुद्ध हिशेबखाते असा चौघाचौघांचा सामना होतो. चौघे आपापला चेंडू मारतात, त्यातला जो उत्तम पडेल तिथून चौघेही पुढचा फटका मारतात. हरणाऱ्यांनी कचौरी-जलेबी खिलवायची. कच्च्या गड्याला काही फटके माफ असतात, त्याला आम्ही सवलत म्हणतो. चौघांच्या सवलतींची बेरीज करून तिचा आठवा भाग संघाच्या फटक्यांतून वजा होतो. गड्याचा हात सुधारला की त्याची सवलत घटते. ती ठरवतात हिशेबखात्याचे कप्तान वासुदेव नेने.

नियम मी लिहिले. सहावा नियम असा : गडी गैरहजर असल्यास त्याचा चेंडू उरलेल्या तिघांनी आळीपाळीने मारावा व त्याची सवलत धरावी, गडी मयत झाल्यास त्याच्या जागी नवा घ्यावा. लिहिताना माझ्या डोक्यात रजा आणि मलेरिया होता.

आमच्या संघात मी, श्रीराम टोळे, रामजतन मिश्र आणि, खात्यात चौथा मिळेना म्हणून, माझा वेणू. वेणू डावखुरा होता. फटका मारला की चेंडूकडे न बघता माझ्याकडे बघायचा. आमच्या संघात तोच बरा खेळायचा, तरी त्याची सवलत अठरा होती, यावरून बाकीच्यांचे समजावे. तो गेला त्या डिसेंबरात सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी म्हणालो, गैरहजर. तेव्हापासून दरवर्षी त्याचा चेंडू आम्ही तिघे मारतो.

पुढच्या वर्षी नेन्यांनी त्याच्या नावापुढे सतरा लिहिले. म्हणाले, “आठल्ये, लडका जवान आहे. या उमरमध्ये हात बसत जातो. अठरा कशी ठेवू?” त्याच्या पुढच्या वर्षी सोळा. असे करत गेल्या डिसेंबरात नऊ. मी त्यांच्याकडचा तिळगूळ घेणे सोडले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. ज्या पोराचा पत्ता नाही त्याच्या तोंडचा घास काढतो, असे मी त्यांच्याबद्दल चारचौघांत बोललो. ते दरवर्षी येऊन एक कापत राहिले.

गेल्या नाताळात मला राहवले नाही. व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणालो, “नेने, पोरगा गेला तरी तुमची कैंची काही थांबत नाही.”

नेन्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “मग मयत लिहू? मयताची सवलत घटत नाही. अठराच्या अठरा परत देतो. पण मग सहाव्या नियमाने तुम्हाला नवीन आदमी घ्यावा लागेल. बोला, लिहू?”

मिश्राजी उठून मैदानाकडे बघू लागले. मी म्हणालो, “नको.”

“मग नऊ,” नेने म्हणाले.

रिक्षात बसेपर्यंत मी रागातच होतो. वाटेत लंका मोहल्ल्याच्या चौकात जाम लागला, तेव्हा कळले. कायदा, शास्त्र आणि माझी सख्खी मुलगी ज्याला विशीतच थांबवून बसली आहेत, त्याला या माणसाने दरवर्षी एका वर्षाने मोठा केला. माझ्या डोळ्यांसमोरसुद्धा वेणू अजून वीस वर्षांचाच होता. त्या रिक्षात तो पहिल्यांदा एकोणतीस वर्षांचा झाला. मी तोंडावर मफलर घेऊन पार घरापर्यंत रडलो.

६. सबब या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी वासुदेव नेने यांना नेमतो. वेणीमाधवच्या डाव्या हाताच्या काठ्या दुसऱ्या कोणाच्या कामाच्या नाहीत. त्या नेन्यांनी आपल्या घरी ठेवाव्यात आणि पावसाळ्यात गंजू देऊ नयेत. माझा पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, नेन्यांचा. तिळगुळाबद्दल मला बोलता येणार नाही, तो त्यांनी हाच समजावा.

७. माझा अंत्यविधी मणिकर्णिकेवर. अग्नी निवेदिताने द्यावा. मुलगा नाही म्हणून नव्हे. गैरहजर गड्याची पाळी हजर असलेल्यांनी खेळायची असते. देवदत्ताने पोथी काढून वाद घालू नये.

८. संघात माझ्या जागी वर्षाच्या आत नवा माणूस घ्यावा. माझी सवलत चोवीस होती, ती मयताची म्हणून तिथेच बंद करावी. माझा चेंडू कोणी मारू नये.

वेणीमाधवचा चेंडू मारीत राहावे, आणि त्याची सवलत दरवर्षी एकाने कमी करावी. यात नेन्यांनी दया दाखवू नये.

वरील मजकूर पुन्हा वाचून पाहिला. तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

वाराणसी, दि. १५ जानेवारी १९९८

(सही) विश्वेश गजानन आठल्ये

साक्षीदार : (सही) श्रीराम टोळे
साक्षीदार : (सही) रामजतन मिश्र

व्यवस्थापक म्हणून मान्य. काठ्या पोचल्या, तेल लावले. येत्या डिसेंबरात आठ.
(सही) वासुदेव नेने