अर्नाऊच्या कविता, माझ्या अक्षरात

मी, इरावती नागसेन गजभिये, वय एकाहत्तर, औषधाच्या दुकानातून निवृत्त, राहणार हिल्सबरो, ऑकलंड, हे पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. वकीलबाईंनी इंग्रजी भाषांतर जोडायला सांगितले आहे, ते जोडावे. व्यवस्थापक म्हणून सून श्रुती हिला नेमते, कारण ती सांगितलेले विसरत नाही.

१. घर मुलगा मैत्रेय याला. ते त्याच्या वडिलांच्या कष्टाचे आहे, त्यात माझा राग आणणार नाही. राग मात्र आहे. शेजारचे अर्नाऊ पुजाल वारले तेव्हा मैत्रेयला रोटोटुनाहून, गाडीने दीड-दोन तासांवरून, यायला जमले नाही. फोनवर म्हणाला, "आई, ही वॉज जस्ट युअर नेबर." निरोप द्यायला मी, विधी करणारी बाई आणि दुकानातला सुशील, एवढेच होतो. सुशीलला काहीतरी ठेवायचे होते, पण साक्षीदाराला देता येत नाही म्हणे.

२. बँकेतली ठेव नात आरुषी हिच्या शिक्षणासाठी.

३. माझ्या अंत्यविधीत त्रिसरण-पंचशील म्हणावे. आपल्या मंडळाच्या राजाभाऊंनी भाषण करू नये. अर्नाऊला मी मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमाला नेले, तेव्हा "हे पाहुणे कोणाचे?" असे त्यांनी माइकवरून विचारले होते. लोक हसले. त्यानंतर मी त्या कार्यक्रमांना गेले नाही, आणि का येत नाही हेही कोणी विचारले नाही.

४. अर्नाऊची छापील पुस्तके त्याची बहीण नूरिया हिला, स्पेनमधल्या कातालोनियात पाठवावीत. तो कातालान भाषेत अद्भुत कादंबऱ्या आणि कविता लिहायचा. त्याच्या कादंबऱ्यांत धरणाखाली बुडालेल्या गावची माणसे पाण्यातच शेती करतात, भांडतात, लग्ने लावतात, आणि वरून जाणाऱ्या होड्यांना पक्षी समजतात. बायको गेल्यावरही तो ऑकलंडमध्येच राहिला. इथे त्याची एक ओळही कोणी वाचलेली नव्हती. नागसेन गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी कुंपणाशी उभी राहून त्याला म्हणाले, मला वाचून दाखवा. त्याने पान वाचले. मला काही कळले नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. अशी काही वर्षे ऐकत ऐकत मी ती भाषा शिकले. वाचायला मात्र कधी शिकले नाही, कारण वाचणारा समोर होता.

५. मग त्याला पक्षाघात झाला आणि त्याचे इंग्रजी पुसले गेले. हॉस्पिटलात तो "आय्ग्वा, आय्ग्वा" म्हणत होता आणि नर्स त्याची उशी सारखी करत होती. मी सांगितले, तो पाणी मागतोय. पुढचे सहा महिने त्याचे बोलणे कळणारी इथे मी एकटीच होते. त्याचा हात चालत नव्हता, म्हणून तो कविता सांगायचा आणि मी लिहायची, मला येते त्या अक्षरात, देवनागरीत. त्याच्या लोकांना ही लिपी येत नाही आणि माझ्या लोकांना ती भाषा.

हे सर्व कागद आरुषीला. तिने ते फोनवरून नूरियाला वाचून दाखवावेत, नूरिया लिहून घेईल. आरुषीला मराठी कळते, वाचता येत नव्हते. गेल्या सुट्टीत मी अक्षरे शिकवायला घेतली. तिने एक ओळ अडखळत वाचली, मग विचारले, "आजी, तू हे रोज एकटीच वाचतेस?" मी हो म्हणाले.

जिवंतपणी मीच का वाचून दाखवल्या नाहीत, असे नूरिया विचारेल. या घरात मी त्या मोठ्याने वाचते, तेव्हाच कोणीतरी बोलल्यासारखे होते. छापल्या की त्या सगळ्यांच्या होतील. होऊ देत, पण माझ्यानंतर.

६. शेवटच्या कागदावरच्या तीन ओळी मलाही कळलेल्या नाहीत. त्या दिवशी त्याची जीभ जड झाली होती, कानावर पडले तसे मी लिहिले. दुसऱ्या दिवशी विचारायला तो उरला नाही. नूरियाला कदाचित कळतील. त्यांत माझ्याविषयी काहीतरी असेल, असे मी धरून चालले आहे. नसेल, तर ते मला जिवंतपणी कळायला नको.

सही: इरावती नागसेन गजभिये

इरावतीताईंनी वरील सही आम्हा दोघांच्या देखत, शांतपणे केली.
साक्षीदार: सुशील वासनिक, माउंट वेलिंग्टन
साक्षीदार: निशा ढोके, हिल्सबरो

हिल्सबरो, ऑकलंड
१७ जुलै २०२४