मोडीतून परत आलेला हंडा

अण्णा, तुमची आई खरंच जन्मली होती! तिच्या जन्माचा दाखला आज सकाळी फ्रान्समधून माझ्या फोनवर आला आणि करंजाड्याच्या या घरात मी गॅसवर दूध ठेवून विसरले. गेलं उतू, जाऊ दे. तुम्ही असता तर आधी चष्म्यासाठी घर डोक्यावर घेतलं असतंत, आणि तो तुमच्या कपाळावरच सापडला असता. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी ही बातमी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावीशी वाटली.

तुम्ही पाँडिचेरीहून परत आलात तो दिवस आठवतो. आजी फ्रेंच प्रजा, म्हणून तुम्ही फ्रेंच आणि तुमच्यामागे आम्हीही, हे सिद्ध करायला तुम्ही रजा टाकून गेला होता. आजोबा पनवेलची औषधं विकायला तिकडे फिरायचे आणि एका फेरीत रिकाम्या पेट्यांसोबत बायको घेऊन आले, एवढाच आपल्याला ठाऊक असलेला इतिहास. कागद एकही नाही. तुम्ही चपला न काढताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलात आणि आईला म्हणालात, "ह्या नावाची मुलगी आमच्याकडे जन्मलीच नाही म्हणतात. माझ्या आईला जन्मच नाही, बोल आता!" आई म्हणाली, "अहो, ते नाव आपल्याकडचं. लग्नात ताटातल्या तांदळात मामंजींनी अंगठीने लिहिलेलं. माहेरचं काय होतं?" कुणालाच माहीत नव्हतं. सुनेचं जुनं नाव काढायचं नाही ही आपल्या घरची पद्धत, आणि आजीने ती इतकी पाळली की जाताना नाव सोबतच घेऊन गेली. तुमची फाईल त्या दिवशी माळ्यावर गेली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तो हंडा. मी आठवीत आहे. आजीचा पाणी तापवायचा पितळी हंडा मोरीत पडून आहे, काजळीने गळ्यापर्यंत काळा. आई म्हणते, मोडीत दे आणि स्टीलची कळशी घेऊन ये. मी मोठ्या ऐटीत तो बाजारपेठेतल्या भांडेवाल्याकडे पोचवते. संध्याकाळी तुम्ही कचेरीतून येता, मोरीत डोकावता आणि तसेच सायकलवर टांग टाकता. परत आलात तेव्हा कॅरिअरला हंडा बांधलेला आणि शर्टाची पार वाट लागलेली. "आईच्या माहेरचं एवढंच उरलंय घरात. पुन्हा ह्याला हात लावलास तर याद राख!" तुम्ही मला तोवर कधी ओरडला नव्हतात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि मनातल्या मनात तुम्हाला हट्टी म्हणत राहिले ती चांगली चाळीस वर्षं.

यंदा लेकीला तो हंडा बाल्कनीत झाड लावायला हवा झाला. मी चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन बसले. तासाभराने गळ्याखाली अक्षरं दिसायला लागली, आणि ती आपली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ बाईंना हाक मारली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "ताई, ये तो किसी लडकी का नाम है. नंतर वडिलांचं नाव. और आगे लिखा है, सायगॉन."

"सायगॉन? पाँडिचेरी नाही?"

"अरे, व्हिएतनामचं सायगॉन, ते पण फ्रेंचांचंच! पाँडिचेरीचे किती लोक नोकरीला तिथे होते, मुलं पण तिथेच झाली त्यांची. परत आले तरी सगळे त्यांना सायगॉनवालेच बोलायचे."

अण्णा, मी तिथेच किंचाळले. तुम्ही चुकीचं नाव घेऊन चुकीच्या गावात विचारत होता! लेकीच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना दाखवलं, तर त्या माझ्याहून जास्त उडाल्या. पाँडिचेरीत जन्मलेल्यांना फ्रेंच राज्य गेल्यावर फ्रेंचच राहायचं असेल तर सहा महिन्यांत तसं लिहून द्यावं लागलं होतं, बाहेर जन्मलेल्यांचा नियम निराळा, तेव्हा केस उभी राहते, म्हणाल्या. सायगॉनची जुनी रजिस्टरं फ्रान्समध्ये आहेत. तिकडे पत्र गेलं, आणि आज हा दाखला. पणजोबांचा धंदा लिहिलाय, बंदरातले कारकून. अजून पुष्कळ कागद लागतील, नकारही येऊ शकतो, हे बाईंनी बजावलंय. येऊ दे. मी ते नाव मोठ्याने वाचलं, लेकीने दोनदा म्हणायला लावलं, आणि मग आम्ही दोघी हसता हसता रडलो. तिला आता झाड नकोय. हंडा हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या शेजारी.

हे पत्र तुमच्या फाईलमध्येच ठेवीन, पत्ता तरी कुठला घालू? पण एक सांगायचं राहिलंय, आणि ते लेकीलाही सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यावर महिन्याभरात मी तो हंडा पुन्हा मोडीत काढला होता. रिक्षात घालून दुकानापर्यंत नेला होता. त्या दिवशी सोमवार होता, दुकान बंद होतं.