चौदा-दहाची नोंद

विजयदुर्ग
२ डिसेंबर २०२४, सोमवार

चि. प्राजक्तास,
अ. उ. आ.

आज सव्वासहाला पाणी आले. ते भरून अंगण झाडले. दहाच्या सुमारास बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिला, नोव्हेंबरात राहून गेला होता. परत आलो तेव्हा तुझे पत्र दारात पडले होते. मी फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिलेस, ते बरे केलेस. फोनवर मला बोलता येत नाही.

मामीच्या त्या दिवसाची हकिकत जशी घडली तशी लिहून पाठवा, नर्सिंगच्या मुलींना शिकवायला उपयोगी पडेल, असे तू म्हणतेस. ओंकार म्हणाला, बाबा, कशाला उकरून काढता. पण माझ्याकडे उकरण्यासारखे काही नाही, सगळे लिहिलेलेच आहे. एस.टी.त चौतीस वर्षे वाहतूक नियंत्रक होतो. गाडी आली, गेली की वेळ लिहायची, ती सवय जात नाही. हॉस्पिटलातही खिशातल्या डायरीत लिहीत होतो. तुझी मामी सकाळी मला म्हणालीही, माका काय एस.टी. समजलास?

३ ऑक्टोबर. ९.२० ला पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी आत नेले. ११.०५ ला बाहेर. डॉक्टर म्हणाले, चांगले झाले. १२.४० ला शुद्धीवर आली, दुखते म्हणून रडली. १३.१५ ला दुखण्याचे आणखी एक इंजेक्शन दिले. १३.२५ ला संचिता सिस्टरनी तिच्या बोटाला लावलेली ऑक्सिजन मोजायची चिमटी काढून समोरच्या खाटेवरच्या बाईंना लावली. वॉर्डात ती एकच होती. १४.१० ला तुझी मामी घोरू लागली. पुढे ‘गाढ झोप, बरे झाले’ असे लिहिले आहे. १४.३० ला सिस्टर तपासायला आल्या. मी त्यांना हळूच सांगितले, आत्ताच डोळा लागलाय, तीन रात्री झोपली नाही, उठवू नकात. त्या हसल्या आणि गेल्या. १५.०० ला परत यायच्या होत्या, आल्या नाहीत. १५.२० ला मी खालून चहा घेऊन आलो. घोरणे थांबले होते. हात गार होता. पुढचे डायरीत नाही.

तीनला न आल्याबद्दल ओंकारने त्या मुलीवर तक्रार केली आहे. तिला घरी बसवले आहे. मलाही तिचा राग येतो, खोटे कशाला सांगू. पण दुःखात एवढे एक समाधान आहे की शेवटचा तास तुझी मामी सुखाने झोपली. ते धरून मी दिवस काढतो.

तुझ्या आईला आशीर्वाद सांग. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझा
मामा


कोल्हापूर
९ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि मग कॉलेजच्या पायरीवर थोडा वेळ बसले.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, हे शिकवायचं म्हणजे काय. आमच्याकडे यंदा एक नवी खोली झाली आहे, हुबेहूब वॉर्डासारखी. खाटेवर पुतळा असतो. त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते, ओठ निळे पडतात, कण्हतोसुद्धा. काचेमागे बसून मी कॉम्प्युटरवर त्याला बरं करते नाहीतर बिघडवते. एखादा खरा प्रसंग घ्यायचा, मुलींना आत सोडायचं आणि त्या काय करतात ते बघायचं. चूक झाली तरी कुणी मरत नाही. पहिल्या वर्षाच्या मुली त्याला पेशंटपेक्षा जास्त घाबरतात. एकीने काल इंजेक्शन देण्याआधी त्याची माफी मागितली.

तुमची हकिकत तिथे वापरू का? नाव, गाव काही येणार नाही. तुम्ही नको म्हटलंत तर नको.

आणि सहज विचारते. मामी एरवी घोरायची का?

जेवणाकडे लक्ष द्या. तुम्ही पेजेवर भागवता असं शेजारच्या अनुजाताईंनी आईला सांगितलंय. माया असू द्यावी.
तुमची
प्राजक्ता


विजयदुर्ग
१५ डिसेंबर २०२४

चि. प्राजक्तास,
अ. उ. आ.

खुशाल वापर. तिला शिकवण्याची हौस होतीच, आळीतल्या सगळ्या सुनांना शिकवून झाले होते.

घोरण्याचे विचारलेस. अगो, ती कुठली घोरते? घोरणारा मी. पस्तीस वर्षांत एकदाही नाही. तू लहानपणी तिच्याजवळ झोपायला पळायचीस ती त्यासाठीच, असे ती सर्वांना सांगत असे, आणि मी आलो की म्हणत असे, इलो बोटीचो भोंगो. म्हणून तर त्या दिवशी मला गंमत वाटली. मनात म्हटले, उठली की चिडवीन.

ओंकारच्या तक्रारीची चौकशी २० जानेवारीला आहे. मला जबाबाला बोलावले आहे. सिस्टर तीनला आल्या नाहीत एवढेच सांगा, बाकी मी बघतो, असे तो म्हणतो.

तुला एक विचारतो. तुझ्या खोलीत तुझ्या मुली तिला वाचवतात का? खरे ते लिही.

मामा


कोल्हापूर
२७ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हे सांगण्यासाठी तीनदा नंबर लावला आणि रिंग व्हायच्या आत बंद केला. शेवटी लिहायला बसले.

तुम्ही खरं ते लिही म्हणालात. कुणी वाचवलं, कुणी नाही. पण ते सांगण्याआधी दुसरं सांगायला हवं. मामा, १४.१० ला मामीला लागली ती झोप नव्हती. दुखण्याचं औषध कधी कधी श्वास मंद करतं. घसा सैल पडतो आणि घरघर होते. बाहेरून ते घोरणंच वाटतं. जे माणूस कधी घोरत नाही ते अशा इंजेक्शननंतर घोरू लागलं, की त्याला उठवायचं, हाक मारायची, श्वास मोजायचे. तुमचं पहिलं पत्र वाचतानाच मला शंका आली होती. म्हणून तो प्रश्न विचारला. सहज नव्हता, त्याबद्दल माफ करा.

आता मुलींचं. पाच गट आत सोडले. पुतळ्याला केव्हा काय व्हायचं ते कॉम्प्युटरवर आधीच लावून ठेवलं होतं. नातेवाईक म्हणून खुर्चीत मीच बसले आणि तुमचंच वाक्य म्हटलं. चार गट पाय न वाजवता परत गेले. एका मुलीने तर उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून जाताना पडदा ओढून घेतला. पाचव्या गटात तेजस्वी म्हणून दोडामार्गची मुलगी आहे. ती वळली, थांबली आणि मला म्हणाली, ह्यो नेहमी घोरतत काय? मी म्हटलं, नाही, कधीच नाही. मग तिने पुतळ्याला गदागदा हलवलं, श्वास मोजले. मिनिटाला पाच. तिने ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली, उतारा देणारं इंजेक्शन आणवलं. पुतळ्याने डोळे उघडले. मी काचेमागे धावत जाऊन दार लावून घेतलं.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. मला ते नाही असं लिहिता आलं असतं.

प्रसंगानंतर आम्ही गोल करून बसतो. तिथे चूक कुणाची हे विचारायचं नाही, असा नियम आहे. काय दिसलं, ते विचारायचं. तुम्हाला झोप दिसली. संचितालाही झोप दिसली. पडदा ओढणारीला झोपच दिसली, आणि ती चार वर्षं हेच शिकते आहे. तुम्हाला कुणी कधी काय सांगितलं होतं? वॉर्डात चिमटी एकच का, हा प्रश्न तर तुमच्याही आधीचा आहे.

तुमच्या हातातली एकच गोष्ट मी काढून घेतली, हे मला कळतं. रागावलात तरी चालेल, पण लिहा.
प्राजक्ता


कोल्हापूर
२४ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

महिना होत आला, उत्तर नाही. अनुजाताई म्हणतात, तुम्ही रोज दिसता, बोलत नाही. ओंकारला फोन केला तर तो म्हणाला, मला बाबांचं काही विचारू नकोस, आणि फोन ठेवला. चौकशीत काय झालं? नुसतं ‘बरा आहे’ एवढं लिहिलंत तरी पुरे. नाहीतर पुढच्या रविवारी मी येऊन थडकते.
प्राजक्ता


विजयदुर्ग
३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चि. प्राजक्तास,
अ. उ. आ.

आज सकाळी पाणी आले नाही. विहिरीचे ओढले. नळाची तक्रार लिहून पंचायतीत दिली. दुपारी लिहायला बसलो आहे. मी बरा आहे.

तुझे पत्र चार वेळा वाचले. पहिले काही दिवस तुझा राग आला. मग चौदा-दहा ते पंधरा-वीस हा वेळ मोजत बसलो. सत्तर मिनिटे. तेवढ्यात आमची गाडी देवगडाच्या पुढे जाते. मी शेजारी बसून होतो, पेपरही वाचला.

डायरीतली नोंद खोडली नाही. आमच्या खात्यात नोंद खोडत नाहीत. चुकली तर खाली बरोबर लिहून सही करतात. खाली लिहिले, ‘ही झोप नव्हती’, आणि सही केली.

चौकशीला गेलो. आधी संचिता सिस्टरचे लेखी उत्तर वाचून दाखवले. त्यात होते, अडीच वाजता पेशंट झोपलेले दिसले, मी तपासले नाही, तीन वाजता दुसरा पेशंट ऑपरेशनहून आला म्हणून जाता आले नाही, चूक माझी आहे. माझे नावच नव्हते. मी उठवू नका म्हटल्याचा एक शब्द नव्हता. अध्यक्षांनी मला विचारले, तुम्हाला काही सांगायचे आहे का. ओंकार माझ्याकडे बघत होता. मी उभा राहून सांगितले की ती तपासायला आली होती, मी तिला परत पाठवले. डायरीही दाखवली. ओंकार उठून बाहेर गेला. येताना आम्ही वेगवेगळ्या गाड्यांनी आलो. तेव्हापासून त्याचा फोन नाही. त्याला आई गेल्याचा राग कुणावर तरी ठेवायचा होता, तो आता माझ्यावर आहे. राहू दे.

व्हरांड्यात त्या मुलीला विचारले, माझे का लिहिले नाहीस. ती खाली बघून म्हणाली, तुमचां माणूस गेलां, त्याच्यावर आणि ह्यां ओझां कशाक? वयाने ती तुझ्याएवढीही नाही. मला तिच्यापुढे उभे राहवेना. तिला कामावर परत घेतले आहे. दर खाटेला चिमटी मिळणार, मागवल्या आहेत, असे अध्यक्ष म्हणाले. आल्या की खरे.

तुझ्या प्रसंगातून माझे वाक्य काढू नकोस. तू काढशील असे मला वाटते, म्हणून लिहितो. आणि नातेवाईकाला भांडखोर करू नकोस, अशा माणसाचे मुली ऐकणारच नाहीत. त्याने ते हळू आवाजात, हात जोडल्यासारखे म्हणावे. मी तसेच म्हटले होते. तसे म्हटल्यावरही जी मागे वळेल, तिला चांगले गुण दे.

झोपेतच गेली, असे लोक अजून येऊन म्हणतात. मी हो म्हणतो.

रविवारी येण्याची घाई करू नकोस, परीक्षा झाल्या की ये. तुझ्यावर राग नाही. माया आहे ती आहेच, ती पत्रात लिहायची मला सवय नाही.
तुझा
मामा

ता. क. मघाशी कोळीण दारावरून गेली. चार महिन्यांत पहिल्यांदा दोन बांगडे घेतले. साफ करून देऊ काय, असे तिने विचारले, तर मी का कोण जाणे, नको म्हटले. मला ते येत नाही, नेहमी तुझी मामीच करायची. आता विळी आणि पाण्याची बादली घेऊन मागच्या दारी बसतो.