कोयता कुणाच्या हातात

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

साताऱ्यात बरा हाय. तुझा गुडघा कसा हाय? इथं कॉलेजात माणसाची आठवण तपासतात. सुई टोचत न्हाईत, चहा देतात, जरा पातळच.

मॅडमनी मारामारीचा व्हिडिओ दाखवला. दगडांनी डोकी फुटली. मग विचारलं, "कोयतेवाल्याचा शर्ट कसला?" मी म्हणालो, "लाल!" व्हिडिओत कोयताच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "प्रश्नातला कोयता तुमच्या आठवणीत शिरला."

दादाचं मनगट तुटलं, तवा मी गर्दीत नुसतं रक्त बघितलं होतं. मामानं विचारलं, "वीरधवलनं कोयता कसा घातला रं?" तवापासून मला वीरधवल दिसायला लागला. माझ्या साक्षीवर तो तुरुंगात हाय.

पुढल्या आठवड्यात पलूसला येऊन त्याच्या वकिलाला खरं सांगतो. दादा उरल्या हातानं मला हाणील. हाणू दे, तू मधी पडू नको.

तुझा संग्राम