देवीच्या डोक्यावरची वटवाघळं

११ एप्रिल
आज माझ्यावर घोर अन्याय झाला. वेल्ह्याच्या एसटीत खिडकीची जागा कॅमेऱ्याला मिळाली आणि मार्गासनीपासून पुढे मी, संस्कृतचा निवृत्त मास्तर, दांडी धरून उभा. भाची मुक्ता म्हणते, "मामा, तुम्ही पडलात तर उठाल. हा नाही उठणार." तर्क निर्दोष.
कॅमेरा उष्णतेचा. अंधारात जे गरम, ते पांढरं दिसतं. पासलीच्या वर देवीची गुहा आहे, तिथली वटवाघळं मुक्ताला अभ्यासासाठी मोजायचीत. घाई अशी, की यात्रेआधी गावची समिती गुहेला बारीक जाळीचं लोखंडी दार बसवणार. गुरव रामभाऊंचं म्हणणं एवढंच, "देवीच्या डोक्यावर हगत्यात, गुरुजी." यावर शास्त्रार्थ कसा करणार?

१२ एप्रिल
पहिली मोजणी वाया. नवं यंत्र म्हणून रामभाऊंनी कॅमेऱ्याची पूजा मांडली. हळदकुंकू, नारळ, इथवर ठीक. मग ऐन दिवेलागणीला भिंगासमोर कापूर पेटवला. पडदा पांढराफटक. समस्त वटवाघळं त्या तेजात विलीन. मु.ने कपाळाला हात लावला. प्रसाद मात्र दोनदा घेतला.

१३ एप्रिल
काय पाहिलं आज! आधी एक ठिपका, मग दोन, मग ठिणग्यांचा लोंढाच. डोळ्यांना नुसता अंधार, कानाशी वारा, आणि पडद्यावर... हजारांत आहेत म्हणते मु. नेमका आकडा चित्रण सावकाश बघून. वटवाघळाला संस्कृतात 'जतुका', हा शब्द जन्मभर शिकवला. जतुका आज भेटली.
सगळी गेल्यावर मु.ने कॅमेरा आत वळवला. छतावर एक पांढरा पट्टा तसाच. रामभाऊ पुढे सरकले.
"ही न्हाई गेली?"
"पिल्लं आहेत, काका. आया चरायला गेल्यात."
रामभाऊंनी गुहेच्या तोंडाकडे पाहिलं. मग, "आन् दार लावल्यावं आया आत कशा येनार?"
मु.ने कॅमेरा परत पिल्लांवर धरला.
"देवीला इचारावं लागंल," रामभाऊ म्हणाले.

१५ एप्रिल
कौल लावला. देवीच्या अंगावर दोन ओली फुलं. दार बसवू का? उजवं पडलं तर हो, डावं तर नको. अख्खी सकाळ गेली, एकही पडेना. समितीतल्या एकाने पंखा आणू का विचारलं, त्याला बाहेर बसवलं. रामभाऊ म्हणाले, "इचार करतीया. उद्या बगू."
दार टेम्पोतून आलंय, खाली आंब्याला टेकवून ठेवलंय. बसवणारा पासलीतच मुक्कामाला.
कौलाची मी आजवर चेष्टाच केली. आज भीती वाटते. उजवं फूल पडलं तर रामभाऊ देवीचा शब्द मोडणार नाहीत, आणि ती पिल्लं आत उपाशी मरतील.